माळवदावरची माती

पाच वाजून वीस मिनिटांनी फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर खडखडले, सुषमाच्या हातातलं लाटणं निसटलं आणि ओट्यावरून घरंगळत खाली पडलं. तीन सेकंद, फार तर चार. मग सगळं जागच्या जागी. तव्यावरची चपाती तेवढी करपली. आतल्या खोलीतून मल्हारनं कूस बदलत म्हटलं, मालगाडी असंल. तो स्वतः गार्ड. रात्रपाळी करून तासाभरापूर्वी येऊन आडवा झालेला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत ती सोळा वर्षं राहत होती आणि गाडी म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाडी लांबून येते. आधी खिडकीची काच कुजबुजते, मग पेले, मग भिंत, मग पलंग, आणि आली तशीच हळूहळू जाते. हे खालून आलं होतं, एकदम, आणि एकदम थांबलं होतं. तिनं तसं सांगितलंही. "अहो, ही गाडी नव्हती." त्यावर आतून नुसता हुंकार आला. मग ती बोलली. चार वाक्यं बोलली, मोठ्यानं, चपातीचा चिमटा ओट्यावर आपटत: की या घरात गाडीशिवाय दुसरं काही हलूच शकत नाही का, की गेल्या वर्षीपासून ती एकच गोष्ट मागते आहे, की तिच्या आईला वाडीवरून इथं आणू या, या स्लॅबच्या खोलीत, आणि तिला गेल्या वर्षीपासून एकच उत्तर मिळतं आहे, बघू. मल्हारनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि याचाही तिला राग होता. तो उठून बसला, पाणी प्याला आणि समजूतदारपणे म्हणाला, "बोललीस ना? बरं झालं. मोकळी झालीस. आता डबा भर, एसटी जाईल."

मोकळी झालीस. एसटीत खिडकीशी बसल्यावर हे शब्द पायताणात खडा राहावा तसे तिला टोचत राहिले. सासरी-माहेरी सगळ्यांचं तिच्याबद्दल हेच मत होतं, आणि ते लाडानं सांगितलं जायचं. सुषमाचं काही मनावर घेऊ नका, दोन मिनिटं तडतडते, मग मोकळी. लग्नात नणंदांनी हे म्हटलं होतं, पहिला गर्भ पडला तेव्हा दवाखान्यात सासूनं हे म्हटलं होतं, आणि नोकरी सोडून घरी बस असं दिरानं सुचवलं तेव्हा तिनं जी थाळी भिरकावली तिलाही शेवटी हेच नाव मिळालं. तिच्या रागाचं त्यांनी पावसाळी गटार करून टाकलं होतं. वाहून गेलं की झालं. कुणी कधी विचारलं नाही की दर वेळी तडतडून झाल्यावर जी गोष्ट मागितली होती ती मिळाली का. ती मिळालेली नसायची. तिनं आवाज चढवला एवढ्यालाच तिचं काम झालं असं धरून लोक उठून जायचे, आणि खरं सांगायचं तर कधीकधी तीही तसंच धरायची. घसा दुखायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि वाटायचं की आपण काहीतरी केलं. गाडी चौफुल्याला वळली. पुढं न्हावरं, मग शिरूर, मग धरणाकडचा फाटा. दोन्हीकडं उसाचे फड उभे होते आणि मे महिन्याचं ऊन सकाळी साडेसहालाच पत्र्याला लागलं होतं.

तिची नोकरी म्हणजे एक खोली. धरणापासून कोसभर आत, खडकावर बांधलेली, जाड भिंतींची, आणि त्या खोलीत एक यंत्र. किल्लारीच्या भूकंपानंतर सरकारला एकदम जाग आली आणि अशा खोल्या निघाल्या. शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, तालुक्यातल्याच धनगरवाडीतली मुलगी म्हणून चौऱ्याण्णव साली तिला घेतलं. यंत्रात एक ड्रम संथपणे फिरतो, ड्रमवर कागद, कागदावर शाईची सुई. जमीन गप्प असली की सुई सरळ रेघ मारत जाते. रोज आठ वाजता कागद बदलायचा, तारीख घालायची, रेघ कुठं थरथरली आहे ते पट्टीनं मोजायचं, वहीत उतरवायचं आणि पुण्याला फोन करायचा. प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या मास्तरांनी तिला ही रेघ वाचायला शिकवलं होतं. आधी येते ती लहान लाट, मागून येते ती मोठी. दोहोंमधले सेकंद मोजा, आठानं गुणा, तेवढे किलोमीटर. ते गृहस्थ फळ्यावर दोन खडक काढायचे, एकमेकांना चिकटलेले, मधली फट म्हणजे भ्रंश, आणि म्हणायचे की हे दोघं विरुद्ध दिशांना निघालेत पण घासण्यामुळं अडकलेत. अडकलेत म्हणजे थांबलेत असं समजू नका. ढकलणारा ढकलतोच आहे. खडक वाकतो, शेकडो वर्षं वाकतो, वरून काहीच दिसत नाही. त्यालाच ताण म्हणायचं. मग एखादा टवका उडतो. तो बारका धक्का. मग मास्तर खडू खाली ठेवून वर्गाकडं बघायचे आणि विचारायचे, टवका उडाला म्हणून खडक सरळ झाला का?

आज सुई पाच वाजून वीस मिनिटांपाशी दोन्हीकडं चांगली बोटभर नाचली होती. तिनं पट्टी लावली. अडीच सेकंद. वीस किलोमीटर. तिनं नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढलं आणि वर्तुळाची रेघ जिथून गेली तिथं तिची वाडी होती. वर्तुळ काही बोट दाखवत नाही, वीस किलोमीटरवर चारी दिशांना गावं आहेत, पण मार्चमध्ये सात वेळा काढलं तेव्हाही ते वाडीवरूनच गेलं होतं. तिनं फोन उचलायच्या आधीच फोन वाजला. पुण्याहून साहेब. वाडीतले लोक घाबरलेत, तहसीलमधून विचारणा झाली आहे, आपण अकराला शाळेत सभा घेतो आहोत, मी जीपनं निघालोच आहे. "मॅडम, तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमच्या भाषेत सांगा. मार्चला सांगितलं होतं तसंच. लहान धक्के चांगले, त्यातून ताण निघून जातो, मोठा टळतो. लोकांना तेवढं पुरतं."

मार्चला सांगितलं होतं. होय, सांगितलं होतं. जानेवारीत कच्छ हादरलं, लोकांनी टीव्हीवर ढिगारे पाहिले, आणि मार्चमध्ये वाडीखालची जमीन गुरगुरू लागली तेव्हा सगळी वाडी खळ्यावर झोपायला आली. दर तासाला खोलीवर फोन यायचा. साहेबांनी एक छापील पत्रक पाठवलं होतं, त्यात हे वाक्य होतं, आणि तिनं ते फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. वाक्य मोठं सोयीचं होतं. ऐकणारा सुस्कारा सोडायचा आणि फोन ठेवायचा. ती ते वाचत होती तेव्हा तिला मास्तरांचा फळा स्पष्ट आठवत होता, ही गोष्ट तिनं नंतर स्वतःपासूनही लपवली. मोजमापातला एक आकडा वर गेला की आतली शक्ती बत्तीस पटींनी वाढते. तीनवरून चार म्हणजे बत्तीस पट, पाच म्हणजे हजार पट, सहा म्हणजे बत्तीस हजार पट. मोठ्या एकाचं देणं बारक्यांनी फेडायचं तर तीनचे बत्तीस हजार धक्के बसायला हवेत; रोज एक धरला तर सत्त्याऐंशी वर्षं. वाडीला बसले होते सात. हा हिशेब तिनं वहीच्या मागच्या पानावर केला होता. करून पान उलटलं होतं. कारण बारके धक्के मोठ्याची वर्दी देतात असंही नाही, बहुतेक वेळा पुढं काहीच होत नाही, कुणालाच काही सांगता येत नाही, आणि कुणालाच काही सांगता येत नाही हे फोनवर सांगणं फार कठीण असतं. ते पत्रक तिनं आबांनाही वाचून दाखवलं होतं. आबा म्हणजे तिचे वडील, म्हस्कू. लेक सरकारी यंत्रावर आहे याचा त्यांना वाडीत केवढा तोरा. लेकीनं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी आईची, गिताबाईची, बाज खळ्यावरून उचलली आणि परत घरात नेऊन ठेवली, तुळईच्या बरोबर खाली, जिथं ती गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून होती.

त्या घराचा तिला लहानपणापासून राग होता की आताच येऊ लागला होता, हे तिला ठरवता येईना. वाडीकडं जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून ती घराचाच विचार करत होती. ती सात वर्षांची असताना आबांनी मेंढरं विकली, कालव्याखाली जमीन घेतली आणि घर बांधलं. बापजाद्यांत कुणी भिंत बांधली नव्हती. आबांनी दोन हात जाडीची बांधली, दगडमातीची, वर सागाची तुळई, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर माती. माळवद. उन्हाळ्यात गार, पावसात गळू नये म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. चार पिढ्या घरात राहिलेली माणसं नवा थर द्यायच्या आधी जुना खरवडून काढतात. आबांना ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं पटलं नव्हतं. डोक्यावरची माती काढणं त्यांना अवलक्षणी वाटायचं. त्यांनी एकतीस वर्षं फक्त घातली. लहानपणी सुषमाही डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढली होती आणि वर गेल्यावर आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती. आता ती माती दीड हात झाली होती. आणि या सगळ्यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी की एवढं घर बांधून म्हस्कू त्यात एक रात्रही झोपला नव्हता. आभाळाखाली वाढलेला गडी, छपराखाली जीव गुदमरतो म्हणायचा. उन्हाळा-हिवाळा अंगणात बाज, पावसात पडवी. घरात झोपायची ती आई. त्याच्या इभ्रतीखाली एकतीस वर्षं तीच झोपली होती.

आणि आई बोलली नव्हती असंही नाही. हे आठवलं तेव्हा जीप वाडीच्या ओढ्यात उतरत होती आणि सुषमानं समोरच्या सीटची कड घट्ट धरली. आई दर खेपेला बोलली होती. मार्चपासून सुषमा जेव्हा जेव्हा गेली तेव्हा तेव्हा गिताबाई एकच सांगायची, डोळ्यांत माती पडतीया गं. तक्रारीच्या सुरातही नाही, नुसतं सांगायची. आबा म्हणायचे, म्हातारीचं रोजचंच हाय, म्हणू दे, तेवढंच तिला बरं वाटतं. आणि सुषमा, पट्टी लावून सेकंदाचा दहावा हिस्सा मोजणारी सुषमा, पदराच्या टोकानं आईचे डोळे पुसायची, होय आई म्हणायची आणि शेवटची एसटी गाठायची. फळ्यांच्या फटी उघडताहेत, तुळई भिंतीतून सरकते आहे, हे सांगायला आणखी कुठलं यंत्र हवं होतं? आईनं सांगितलं आणि लेकीनं ती मोकळी झाली असं धरलं. मल्हारनं सकाळी तिच्या बाबतीत जे केलं होतं तेच.

शाळेला सुट्टी होती. व्हरांड्यात सतरंजी घातली होती, पुरुष पुढं, बायका खांबांच्या मागं. साहेब नीटनेटकं बोलले. मग त्यांनी हसून सुषमाकडं हात केला. ती उभी राहिली. समोर, पहिल्या रांगेत, पांढऱ्या पागोट्यात आबा बसले होते, ताठ, आपली लेक बोलणार म्हणून आजूबाजूला बघत. ती काय बोलावं हे ठरवून आली नव्हती. खांबाजवळून बयाबाईनं, तिच्या आईच्या जुन्या मैत्रिणीनं, विचारलं म्हणून सगळं पुढचं झालं.

"सुषमे, एकच सांग. बारकं धक्कं बसल्यालं बरं का वाईट? तू मागं म्हणलीस बरं."

"बरं न्हाई, मावशे," सुषमा म्हणाली. "आन् वाईटच व्हईल आसंबी न्हाई. खालचा दगड वाकलाय, त्याचा टवका उडतोय. टवक्यानं दगड सुटत न्हाई. मोठा येईल का, कवा येईल, मला ठावं न्हाई, सायबांस्नी न्हाई, कुणालाच न्हाई. पर बारकं बसलं म्हून मोठा टळला, हे खोटं हाय."

साहेब चटकन पुढं झाले. मॅडमना असं म्हणायचं आहे की घाबरण्याचं कारण नाही, वगैरे. तिनं त्यांना बोलू दिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला नव्हता, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिनं सांगितलं की जमिनीचं आपल्या हातात काही नाही, छपराचं आहे. ज्याच्या माळवदावर हातभर माती आहे त्यानं ती आज उतरवावी. जमीन माणसाला मारत नाही, डोक्यावर घातलेलं मारतं. मग आबा उठले. पागोटं सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण रागानं नव्हे, गोंधळून म्हणाले, "पर सुषे, तूच तर वाचून दावलंस की कागद. त्यावर तर तुझ्या आयला मी घरात नेली."

"व्हय आबा," ती म्हणाली. "तवा मला ठावं व्हतं. ठावं आसून वाचलं."

म्हस्कू सतरंजी ओलांडून निघून गेला. साहेब जीपकडं जाताना म्हणाले की याचा अहवाल द्यावा लागेल, आणि ती म्हणाली, द्या. तिला त्यांचाही राग यायचा राहून गेला होता. तो पुढं कधीतरी येईल असं वाटून ती वाडीच्या बोळात शिरली.

घरापुढं शेजारच्या बाळासोचा ट्रॅक्टर उभा होता, आणि दारात पांढऱ्या मातीचा नुकता ओतलेला ढीग. या वर्षीचा थर. आबांनी शिडी भिंतीला लावली होती. लेकीनं भर सभेत बापाला तोंडघशी पाडलं, आणि बाप घरी येऊन काय करतो, तर रोजचं काम करतो. सत्तर वर्षांचा म्हातारा पहिलं घमेलं भरून उभा होता. सुषमा त्यांच्या अंगावरून आत गेली. आत अंधार होता, गार होतं, एकतीस वर्षांचा गारवा. आई तुळईखाली पडली होती. उशीवर, कपाळावर, भुवयांवर बारीक पांढरी धूळ. सुषमानं वर पाहिलं. भिंतीत जिथं तुळईचं टोक शिरतं तिथं चार बोटं उजळ, कोरं लाकूड दिसत होतं, इतकी वर्षं कधी उजेड न पाहिलेलं. तेवढी तुळई बाहेर आली होती. तिनं आईचे डोळे पुसले नाहीत. बाहेर येऊन बाळासोला हाक मारली, आणि दोघांनी बाज उचलून अंगणातल्या निंबाखाली नेली. गिताबाई उजेडानं डोळे मिटून घेत होती आणि उघडत होती. मग सुषमानं ढिगात खोवलेलं कुदळ-फावडं उचललं, आबांच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं, त्यातली माती जिथल्या तिथं ओतली आणि पदर खोचून शिडी चढली.

माळवदावर पहिला घाव घातला तेव्हा कुदळ उसळली. वरचा थर दगडागत झाला होता. दुसऱ्या घावाला कपचा निघाला आणि त्याच्या कडेत तिला रेघा दिसल्या, पांढरी, करडी, पांढरी, करडी, एकेका वर्षाची. यातला कुठला तरी खालचा थर तिच्या डोक्यावरून आला होता. ती घाव घालत राहिली. मल्हारच्या ‘बघू’वर घातला, दिराच्या सल्ल्यावर, छापील पत्रकावर, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईवर घातला जी आईचे डोळे पदरानं पुसून एसटी पकडायला जायची. पण घाव घालून काही होत नव्हतं. घमेलं भरून खाली टाकलं की तेवढंच छप्पर हलकं व्हायचं, आणि हे तिला दहाव्या-बाराव्या घमेल्याला कळलं. तिनं आपटणं थांबवलं. खणू लागली. जमिनीतला ताण बारक्यानं उतरत नाही. हे उतरत होतं. खाली माती धपकन पडत होती, आणि धुरळ्यातून आबांचा आवाज आला. तो सभेतल्यापेक्षा बराच म्हातारा होता.

"सुषे, मिरीग पंधरा दिसांवर हाय. पाऊस आला मंजी?"

उत्तर निंबाखालून आलं. गिताबाई उताणी पडल्या पडल्या, झाडाच्या फांद्यांकडं बघत, जशी रोज सांगायची त्याच सुरात म्हणाली, "भिजू. तीस वर्सं मेंढरांमागं भिजलोच की. काढ गं तू. समदी काढ."

म्हस्कू शिडीपाशी उभा राहिला. वरून पुढचं घमेलं आलं, आणि वाऱ्यानं धूळ निंबाकडं लोटली. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा बायकोकडं पाहिलं. मग तो निंबाखाली गेला, वाकला, बाजेचे डोक्याकडचे दोन पाय धरले आणि तिच्या डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून बाज चार हात पलीकडं ओढून घेतली.